कंपनीच्या पैशातून नदी साफ करायची तर: खानापूर ते निपाणी, नव्या मंडळांसाठी

रविवारी घाटावर शंभर माणसं जमवायला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते सोमवारपासून: काढलेला ओला कचरा उचलायला, वेगळा करायला, वाहून न्यायला आणि नाल्यातून रोज नव्याने येणारा अडवायला. खानापुरात मलप्रभेवर असो, कंग्राळी-कडोली भागात मार्कंडेयवर, संकेश्वरला हिरण्यकेशीवर की निपाणीजवळ वेदगंगेवर, बहुतेक मोहिमा इथेच थांबतात. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चाचा, पैसा मागायचा तो या सोमवारच्या कामासाठी. टी-शर्ट, बॅनर आणि नाश्त्यावर गेलेला पैसा नदीपर्यंत पोचत नाही, आणि एका दिवसाचा कार्यक्रम सीएसआरच्या हिशेबात बसतही नाही.

आधी पट्टा ठरवा

कंपनीचं नाव काढण्याआधी नदीचा पट्टा पक्का करा. पहिल्या वर्षी दोन किलोमीटर पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरलेलं असताना ग्रामपंचायतीच्या वॉटरमनला बरोबर घेऊन दोन्ही काठ चालून या. तीन प्रकारच्या जागा नकाशावर मांडा. कचरा टाकला जातो त्या जागा, म्हणजे पूल, घाट, बाजाराची मागची बाजू. नाले आणि गटारं नदीला मिळतात त्या जागा. आणि कचरा अडकून राहतो त्या जागा. आपल्याकडे हे बहुतेक वेळा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दिसतं. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की त्यामागे बाटल्या, थर्माकोल, कपडे, निर्माल्य सगळं साचत जातं. मेअखेर बरगे काढले की एका रात्रीत ते खालच्या गावाला जातं. म्हणून बंधाऱ्याची मोठी साफसफाई बरगे काढायच्या आधीच्या पंधरवड्यात धरायची. ती तारीख पाटबंधारे खात्याकडून आधीच विचारून ठेवा.

नाल्याचं पाणी मोजायला यंत्र लागत नाही. नाला पाइपातून किंवा मोरीतून पडतो तिथे २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ८ सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला अडीच लिटर, म्हणजे दिवसभर तसाच राहिला तर सुमारे २ लाख १६ हजार लिटर. पण तो तसा राहत नाही. सकाळी सातला, दुपारी एकला आणि रात्री दहाला असं तीनदा मोजा. लोकसंख्येवरून ताळा घ्या. गावाला माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळतं आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरलं, तर २,००० वस्तीच्या गावातून रोज ८८ हजार लिटर निघतं. मोजलेला आकडा याच्या दुपटी-तिपटीने आला तर नाल्यात गावाव्यतिरिक्त आणखी कुणाचं तरी पाणी येतं आहे. ते कुठलं हे कळेपर्यंत अर्ज लिहायला बसू नका.

काही गोष्टी या मार्गाने होत नाहीत, हे सुरुवातीलाच मान्य करावं. बेळगावचा बळ्ळारी नाला शहराचं सांडपाणी वाहतो. तो दहा-वीस लाखांत शुद्ध होत नाही. ते महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पाचं काम आहे. हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून येते, वेदगंगा-दूधगंगाही महाराष्ट्रातूनच येतात. वरून येणाऱ्या पाण्याची हमी इथलं मंडळ देऊ शकत नाही. म्हणून अर्जात ‘नदी प्रदूषणमुक्त करू’ असं कधी लिहू नका. ‘या दोन किलोमीटरमध्ये तरंगता आणि काठावरचा कचरा आठवड्यातून सहा दिवस उचलू, या एका नाल्याच्या तोंडाशी अडवू’ असं लिहा. हे पाळता येतं आणि कुणालाही येऊन तपासता येतं.

कामाआधीची पाणी तपासणी हवीच. तीन जागा: पट्ट्याच्या वर, नाला मिळतो त्याच्या खाली, आणि पट्टा संपतो तिथे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन), सामू (पीएच) आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू तपासून घ्या. आंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष असा आहे: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, ऑक्सिजन ५ किंवा जास्त, सामू ६.५ ते ८.५, कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये ५०० असावेत आणि २,५०० च्या वर कधीही नसावेत. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवला पाहिजे. बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली तर आतले जंतू घाण खात राहतात, आकडा बदलतो आणि तपासणीचे पैसे वाया जातात. ऑक्सिजनचा नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. ते प्रयोगशाळेच्या माणसालाच करू द्या.

एक सावधगिरी. कचरा उचलल्याने बीओडी फारसा उतरत नाही, कारण तो मुख्यतः सांडपाण्यातून येतो. कंपनीला यश दाखवायचं ते उचललेल्या किलोंमध्ये, नाल्यात अडवलेल्या कचऱ्यात आणि बंद झालेल्या कचराफेकीच्या जागांमध्ये. पाण्याचे आकडे नोंदीसाठी ठेवा; ते सुधारतील असं वचन देऊ नका.

कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल तर त्या कंपनीवर सीएसआरची जबाबदारी येते. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचा असतो, आणि कंपनी जिथे काम करते तिथल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. कामाचे विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. पर्यावरण आणि पाण्याची गुणवत्ता राखणं हा त्यातला चौथा विषय. अर्जात त्याचा उल्लेख नावानिशी करा. सीएसआर पाहणारा माणूस आधी तेच शोधतो.

आपल्या भागात नवखी मंडळं नेमकी इथे चुकतात. चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी पट्ट्यातले अनेक साखर कारखाने सहकारी आहेत. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाही, म्हणून त्यांच्यावर कलम १३५ चं बंधन नाही. त्यांच्याकडे ‘तुमचा दोन टक्के निधी’ म्हणून गेलात तर पहिल्याच भेटीत अवघडलेपण येतं. सहकारी बँका आणि पतसंस्थांचंही तेच. त्यांच्याकडे देणगी मागा, संचालक मंडळाचा ठराव लागतो तो मागा; ट्रॅक्टर-ट्रॉली मिळाली तर पैशाहूनही बरं. खासगी साखर कारखाना कंपनी असतो, त्याला नियम लागू होऊ शकतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या बहुतेक फाउंड्री आणि मशीन शॉप या मर्यादेच्या खाली असतात. तरी त्यांना वगळू नका. पुढे येणारी तरंगती जाळी, तिचे हुक, नाल्यावरची लोखंडी गाळणी हे सगळं त्यांच्या हातचं काम आहे.

कोणी कुठे किती खर्च केला हे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर राज्यवार आणि कंपनीवार दिसतं. त्याहून उपयोगी म्हणजे कंपनीच्या वार्षिक अहवालातलं सीएसआरचं परिशिष्ट. काही कंपन्या त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि राबवणारी संस्थाही लिहितात. बेळगाव जिल्ह्यात आधीच खर्च करणाऱ्या पाच-सहा कंपन्या काढा आणि त्यांची शेवटची तीन वर्षं वाचा. सगळा पैसा शाळा-दवाखान्यांत जात असेल तर ‘घाटावर आंघोळ करणाऱ्या गावाचं आरोग्य’ हा धागा धरा.

रकमेचा अंदाज घेऊन मागा. सरासरी नफा ८ कोटी असलेल्या कंपनीची वर्षाची जबाबदारी सुमारे १६ लाख. पुढच्या अंदाजपत्रकात येणारे सगळे १३ लाख त्यातून एका नदीला मागणं व्यवहार्य नाही, चार-पाच लाख मागता येतात. म्हणजे अशा तीन कंपन्या लागतील. दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक प्रकल्प करायला नियमात वाव आहे, फक्त प्रत्येकीला आपला खर्च वेगळा दाखवता आला पाहिजे. म्हणून बाबी वाटून द्या: एकीकडे मजुरी, दुसरीकडे वाहतूक आणि जाळी, तिसरीकडे तपासणी आणि देखरेख. एकच बिल दोघांच्या हिशेबात गेलं तर ते ऑडिटमध्ये सापडतं, आणि त्या संस्थेला जिल्ह्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

काय बसत नाही, तेही स्पष्ट हवं. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला प्रायोजक निधी सीएसआरमध्ये धरला जात नाही. तो पैसा मार्केटिंग विभागाचा. त्याची मागणी वेगळी, बिल वेगळं, आणि नावाच्या बदल्यात पैसे घेतल्यावर जीएसटीचा प्रश्न येतो, म्हणून सीएला आधी विचारा. दुसरं, कायद्याने कंपनीला करावंच लागतं ते काम सीएसआर होत नाही. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं किंवा प्लास्टिक उत्पादकाची आपलं प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी तुमच्या प्रकल्पातून भागवायचा प्रस्ताव कुणी मांडला तर लेखी नकार द्या. एखाद्या कारखान्याचं पाणी तुमच्याच पट्ट्यात येत असेल तर त्याचा पैसा घ्यावा का? आमच्या मते, पाणी तपासणीचे सगळे आकडे संस्था दर वेळी जाहीर करणार, हे करारात लिहून देत असतील तरच घ्यावा. नाही म्हणाले तर तिथेच थांबावं.

तुमचे कागद

महाराष्ट्रातल्या मार्गदर्शिका वाचून इथे बरेच जण धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय शोधत फिरतात. कर्नाटकात ट्रस्टचं डीड सब-रजिस्ट्रारकडे नोंदवतात. सोसायटी कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली जिल्हा निबंधकांकडे होते, तिला किमान सात सभासद लागतात. त्यानंतर संस्थेचं पॅन, आयकर खात्याची धर्मादाय नोंदणी, जिला सगळे अजून १२ए आणि ८०जी म्हणतात, आणि शेवटी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म. हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. तो ऑनलाइन भरतात, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडून प्रमाणित करून घेतात, आणि मिळालेला क्रमांक प्रत्येक अर्जावर घालतात. तो क्रमांक नसेल तर कंपनीला इच्छा असूनही तुमच्या खात्यात सीएसआरचे पैसे टाकता येत नाहीत.

खरी अडचण वेगळीच असते: अशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. गेल्या गणपतीत स्थापन झालेल्या मंडळाकडे तो नसतो. मग दोन वाटा उरतात. पहिली, क्रमांक असलेल्या जुन्या संस्थेबरोबर करार करून काम करायचं; पैसा तिच्या खात्यात, जागेवरची जबाबदारी तुमची. दुसरी आम्हाला नव्या मंडळांसाठी जास्त बरी वाटते. कंपनीने प्रकल्प स्वतः राबवायचा, म्हणजे ट्रॅक्टरवाला, मजूर पुरवणारा, प्रयोगशाळा यांना ती थेट पैसे देते आणि मंडळ देखरेख करतं, नोंदी ठेवतं. तुमच्या हातून पैसा जात नाही, पण अनुभवाच्या फाइलमध्ये एकेक वर्ष जमा होतं. त्या फाइलमध्ये तारखेसह फोटो, वजनाच्या वह्या, पंचायतीची पत्रं आणि ऑडिट झालेले हिशेब ठेवत जा.

परवानग्या

नदीचं पात्र सरकारचं असतं. गावात ग्रामपंचायतीचा ठराव पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) घ्या, शहरात नगरसभा किंवा महापालिकेचं पत्र. बंधाऱ्यावर काम असेल तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्या पाटबंधारे किंवा लघु पाटबंधारे कार्यालयाची परवानगी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयाला माहितीचं पत्र द्या. जिल्हाधिकारी कार्यालयाची पोच घेतली की पुढची दारं लवकर उघडतात.

कचेरीतली पत्रं कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत ठेवा. ठरावही कन्नडमध्येच मिळतो, आणि कंपनीच्या मुंबई-पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कार्यालयाला त्याचं इंग्रजी लागतं. त्या भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात धरा. जागेवरच्या फलकावर ६० टक्के कन्नड वरच्या भागात, आणि त्याखाली मराठी. फलकावरून वाद झाला तर काम अडतं ते नदीचं, म्हणून मजकूर पंचायतीकडून आधी पाहून घ्या.

जेसीबी पात्रात उतरवू नका. गाळाबरोबर वाळू निघते, आणि वाळू उचलणं हा खाण व भूविज्ञान खात्याचा विषय आहे. परवाना आणि रॉयल्टीशिवाय ट्रॅक्टर भरला तर गुन्हा नोंद होऊ शकतो. गाळ काढायचाच असेल तर तो खात्याचा प्रकल्प होऊ द्या. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी भागात, जंगलातून जाणाऱ्या ओढ्यांवर वनखात्याची संमती लागते. शिवाय कणकुंबीचा परिसर म्हादईच्या पाण्याच्या वादामुळे नाजूक आहे. तिथे यंत्र नेणं टाळाच.

अंदाजपत्रक

दोन किलोमीटरचा पट्टा, एक घाट, एक नाला, नोव्हेंबर ते मे सात महिने प्रत्यक्ष काम. खालचे दर उदाहरणासाठी आहेत, आपल्या गावचे घाला. मजुरी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये.

सहा मजूर, महिन्याला २६ दिवस, सात महिने, म्हणजे १,०९२ हजेऱ्या. ६०० रुपयांनी ६,५५,२०० रुपये. एक पर्यवेक्षक बारा महिने, २०,००० प्रमाणे २,४०,०००. ट्रॅक्टर आठवड्याला तीन खेपा, तीस आठवडे, ९० खेपा, १,८०० प्रमाणे १,६२,०००. नाल्यावरची जाळी, ठोकळे आणि बसवणं ६०,०००. आठ जणांचे गमबूट, जाड हातमोजे, लाइफ जॅकेट २८,०००. पाण्याचे बारा नमुने, तीन जागी चार वेळा, ४,००० प्रमाणे ४८,०००. अपघात विमा १२,०००. पोती, जाळ्या, १०० किलोचा टांगता काटा ३५,०००. ऑडिट, भाषांतर, फलक ४०,०००. एकूण १२,८०,२००. त्यावर ५ टक्के आकस्मिक खर्च धरला की १३,४४,२१० रुपये.

यातला दोन-तृतीयांश पैसा माणसांवर जातो. कंपन्यांना हे आवडत नाही. त्यांना नाव रंगवता येईल असं यंत्र द्यायला आवडतं. इथे ठाम राहा. देखभालीचा पैसा नसलेलं यंत्र दुसऱ्या वर्षी पंचायतीच्या आवारात गंजत उभं राहतं. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही’ असंही ऐकायला मिळेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. पर्यवेक्षक, वजनाच्या नोंदी, तपासणी हा प्रकल्पाचा खर्च आहे आणि तो तसाच मांडा. सगळे आकडे जीएसटीसह लिहा. सीएसआरच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळत नाही, त्यामुळे वरचे १८ टक्के नंतर कुणी देत नाही.

वेळ

पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, नदीचं दिवाळीनंतर. कंपनीचा वार्षिक आराखडा साधारण एप्रिल ते जूनमध्ये संचालक मंडळापुढे जातो, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पोचला पाहिजे. जूनमध्ये मंजुरी मिळाली आणि पैसे जुलैत आले तर नदी दुथडी भरलेली असते आणि खर्चाचा अहवाल देता येत नाही. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये मागा. पावसाळ्यात फक्त पर्यवेक्षक, शाळा-बाजारातलं काम आणि खरेदीची कोटेशनं, एवढंच ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही कंपन्यांकडे शिल्लक रक्कम असते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई असते. तेव्हा तयार अर्ज हाताशी असेल तर दोन-तीन लाख पटकन मिळतात. ते पोती, काटा, जाळी, तपासणी अशा लगेच संपणाऱ्या बाबींवर घ्या, वर्षभराची मजुरी त्यावर अवलंबून ठेवू नका. एकाहून अधिक वर्षांचा प्रकल्प हवा असेल तर तो सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घेतलेला बरा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनीला त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते.

अर्ज चार पानांचा पुरे: नकाशा, कामाआधीचे फोटो आणि आकडे, महिन्यावार काम, अंदाजपत्रक. सोबत ठराव आणि संस्थेचे कागद. भेटीला कंपनीच्या माणसाला घाटावरच बोलवा, सकाळी आठच्या आत, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

करारात काय पाहायचं

हप्ते ४०-४०-२० असे असावेत आणि शेवटचे २० टक्के अहवालानंतर. त्याहून जास्त मागे ठेवलं तर मेची मजुरी थकते. पूर आला तर काम थांबेल आणि मुदत आपोआप वाढेल, हे कलम घाला. विकत घेतलेली जाळी, गाळणी, शेड कुणाच्या मालकीची हे लिहा. सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती संस्थेकडे, लाभार्थी गटाकडे किंवा पंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेकडे जाते. फलकाचा आकार आणि संख्या ठरवून घ्या. दोन किलोमीटरला दोन फलक पुरेत.

जागेवर

नाल्याच्या तोंडाशी तरंगती जाळी हे या कामातलं सगळ्यात फायद्याचं साधन. आठ मीटर रुंद नाला असेल तर ती सरळ आडवी लावू नका, प्रवाहाशी ४५ अंशांत तिरकी लावा. कचरा आपोआप एका काठाला सरकतो आणि माणसाला पाण्यात उतरावं लागत नाही. तिरक्या मापाने लांबी ११.३ मीटर होते, ढील धरून १३ मीटर घ्या. तरंगायला १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, तीन-तीन मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना टोप्या सोल्युशनने पक्क्या बंद. असा पाइप स्वतःच्या वजनासह मीटरला सुमारे २० किलो वजन तरंगत ठेवतो. ११० चा घेतला तर जेमतेम साडेनऊ, आणि ओल्या कपड्यांचा गठ्ठा अडकला की तो बुडतो. पाइपाखाली ३० ते ४० सेंटिमीटर एचडीपीई जाळी, २५ मिलिमीटरची भोकं, तळाला साखळी. जाळी याहून खोल केली तर ती पाणी अडवू लागते आणि तिला धरून ठेवणाऱ्या वायररोपवर (तारेच्या दोरावर) ताण येतो.

दोन्ही काठांना ६० सेंटिमीटर घनाचे काँक्रीटचे ठोकळे पुरा. एकेक पाचशे किलोंच्या वर जातो. झाडाला बांधू नका, साल कापली जाते आणि पुरात झाडही जातं. एका टोकाला वायररोप आणि ठोकळा यांच्यामध्ये मुद्दाम कमजोर नायलॉनची दोरी ठेवा. अवकाळीचा लोंढा आला की तीच तुटते, जाळी फिरून काठाला लागते आणि वाचते. दोरी नसेल तर जाळीमागे कचऱ्याचा बांध तयार होतो, पाणी काठ खातं, शिवारात घुसतं, आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी तुमच्या दारात असतात. मृगाच्या आधी जाळी काढून शेडमध्ये ठेवा.

उचललेला कचरा काठावर ढीग लावून सोडू नका, पहिल्या वळवाला तो परत पात्रात जातो. पाण्याच्या ओळीपासून दूर ताडपत्रीवर एक दिवस निथळू द्या आणि मगच तोला. ओला कपडा सुक्यापेक्षा कितीतरी जड भरतो, त्यामुळे ओलं वजन लिहिलं तर आकडे फुगतात आणि पुढच्या वर्षी काम कमी झाल्यासारखं दिसतं. वहीत पाच रकाने: कपडे, बाटल्या व टणक प्लास्टिक, पिशव्या-पाकिटं, काच, निर्माल्य. निर्माल्य खड्ड्यात. टणक प्लास्टिक भंगारात विकलं जातं. त्याचे पैसे आणि बँकेचं व्याज त्याच प्रकल्पात परत घालायचे असतात, मंडळाच्या गणपतीला नाही. बाकीचं पंचायतीच्या स्वच्छ संकीर्ण घटकात, म्हणजे गावचा कचरा वेगळा करण्याच्या केंद्रात. पण तिथे जागा आणि माणूस आहे का हे काम सुरू व्हायच्या आधी पाहा. कपडे आणि पाकिटांना घेणारा मिळत नाही, हा सगळ्यात अवघड ढीग असतो. देवस्थानाच्या घाटावर सोडलेल्या कपड्यांसाठी पिंजरा लावून ते पाण्यात जायच्या आधीच अडवणं स्वस्त पडतं.

जलपर्णी असेल तर वेगळा हिशेब करा. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ओली वाहून नेली तर ट्रॅक्टरचा पैसा पाणी वाहण्यात जातो. काठावर चार-पाच दिवस वाळवून न्या, आणि पट्ट्याचा वरचा भाग आधी साफ करा. खालून सुरुवात केली तर वरची वाहत येऊन जागा पुन्हा भरते.

सांडपाण्याच्या गटारात, चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि एका श्वासात माणूस जातो. उघड्या नाल्यातही लांब दांड्याच्या जाळीने काठावरून काम करा. कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे अथणी, रायबाग भागात काम करण्याआधी वनखात्याला विचारा. मजुरांना धनुर्वाताची लस द्या. हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी, पगारी. लेप्टोबद्दल (उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल) प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा सल्ला हंगाम सुरू व्हायच्या आधी घ्या.

हिशेब

प्रकल्पाचं बँक खातं वेगळं ठेवा. मजुरी खात्यावर द्या. रोख द्यावी लागली तर हजेरीपत्रकावर सही किंवा अंगठा, आणि त्याच दिवशी व्हाउचर. दर महिन्याला एक पान अहवाल पाठवा: किती दिवस काम झालं, किती किलो निघाला, कुठे गेला, किती खर्च, काय अडलं. काय अडलं हे लिहायला कचरू नका. ट्रॅक्टर आठ दिवस आला नाही हे कंपनीला तुमच्याकडून कळलं तर मदत मिळते, दुसऱ्याकडून कळलं तर हप्ता थांबतो. फोटो एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढा. त्यासाठी पुलाच्या कठड्यावर रंगाची खूण करून ठेवा. वर्षाअखेर सीएचं विनियोग प्रमाणपत्र, अंदाजपत्रकातल्याच बाबींच्या क्रमाने. एका बाबीतून दुसरीत पैसे वळवायचे असतील तर आधी ईमेलवर होकार घ्या, मार्चमध्ये सांगू नका.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज पहिल्या जानेवारीतच द्या, काम ऐन भरात असताना. त्यात पंचायत स्वतः कोणती बाब उचलणार हे ठरावासह दाखवा: दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर, तिसऱ्या वर्षी दोन मजूर. बाजाराच्या मागच्या बाजूला कचरा पडत राहिला तर जाळी कायम भरत राहील. म्हणून घंटागाडीचा मार्ग त्या गल्लीपर्यंत वाढवायचा ठराव याच ग्रामसभेत मागा.